डिस्क दिसत नाही म्हणजे डिस्क गेली, असं कुणी ठरवलं?

पावसाळा लागला की ठाण्यात माझ्या टेबलावर ‘डिस्क गेलीय’ म्हणून येणारी मशिनं वाढतात. पत्रंही तशीच येतात. या वेळी पाच पत्रं एकाच दुखण्याची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर टाकलेत.

दुखणं काय ते आधी सांगते. डिस्क आणि विंडोज यांच्या मधे एक चिप असते, तिला डिस्क कंट्रोलर म्हणतात. त्या चिपशी विंडोजला बोलता यावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लागतो, तो ड्रायव्हर. हा ड्रायव्हर नसला, भलताच असला किंवा चिपची बोलण्याची रीतच कुणी बदलून टाकली, तर धडधाकट डिस्कही विंडोजला दिसत नाही. मग लोक घाबरून फॉरमॅट मारतात, नाहीतर नवी डिस्क घेतात. जुन्या डिस्कमधले बारशाचे फोटो, दुकानाचे हिशेब, कुणाचा अर्धा लिहिलेला प्रबंध कायमचा जातो. बावीस वर्षं हे पाहतेय आणि अजूनही जिवाला लागतं. त्यामुळे उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न : नातीसाठी लॅपटॉप घेतला. विंडोज नसलेला स्वस्त पडला, म्हटलं आपण टाकू. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय ५, अकरावी पिढी. पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ टाकायला बसलो. कुठल्या डिस्कवर टाकायचं हे विचारणारा पडदा आला आणि यादी कोरी! एकही ड्राइव्ह सापडला नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं. दुकानदार म्हणतो, एसएसडी (आतली डिस्क) खराब निघाली, ठेवून जा, बदलून देतो. नातीचं कॉलेज सोमवारी सुरू होतंय. ठेवून येऊ का?
— निवृत्त शिक्षक, चरई, ठाणे

उत्तर : सर, ठेवून येऊ नका. आधी स्वतः एक गोष्ट पाहा. लॅपटॉप बंद करा, चालू करताना बायोसचं, म्हणजे विंडोजच्या आधी उठणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅमचं, बटन दाबत राहा (बहुतेकांत एफ २, एचपीमध्ये एफ १०) आणि माहितीच्या पानावर एसएसडीचं नाव आणि तिची क्षमता दिसते का ते वाचा. माझ्याकडे असा लॅपटॉप आला की मी मालकालाच खुर्चीवर बसवते आणि ते नाव मोठ्याने वाचायला लावते. बायोसला नाव दिसतंय म्हणजे डिस्क जोडलेली आहे आणि ओळखही देतेय. विंडोजच्या सेटअपला ती दिसत नाही, तर शोध मधल्या माणसाचा घ्यायचा.

तुमच्या लॅपटॉपमध्ये हा मधला माणूस म्हणजे व्हीएमडी. पूर्वी ही सोय मोठ्या सर्व्हरमध्ये असायची. २०२० मध्ये अकराव्या पिढीबरोबर इंटेलने ती लॅपटॉपमध्ये आणली. यात एसएसडी थेट विंडोजसमोर येत नाही, प्रोसेसरमधल्या व्हीएमडी कंट्रोलरच्या आड राहते. ज्या पेन ड्राइव्हवर त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, त्याला तुमच्यासारखी कोरी यादी दिसते.

उपाय त्याच पडद्यावर आहे : ‘लोड ड्रायव्हर’. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावर जा, तळाच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर टाका आणि स्टोरेजच्या भागातून ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ हा ड्रायव्हर उतरवा. तुमच्याच मॉडेलच्या पानावरून घ्या, शेजाऱ्याच्या लॅपटॉपला चाललेला नको.

आता जिथे दहातले आठ जण अडतात ती जागा. उतरवलेली फाइल बहुधा इन्स्टॉलर असते, म्हणजे तिची शेपटी ‘ईएक्सई’. ती जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर टाकली तर सेटअप म्हणतो, सही असलेला ड्रायव्हर सापडला नाही. लोकांना वाटतं ड्रायव्हरच चुकीचा. तसं नसतं. सेटअपला आतला उलगडलेला माल हवा असतो : ‘आयएनएफ’, ‘सिस’, ‘कॅट’ अशा शेपटीच्या फाइली असलेली फोल्डर. काही कंपन्यांचा इन्स्टॉलर ‘एक्सट्रॅक्ट’ असं विचारतो, तिथे हो म्हणा. इंटेलचा मूळ इन्स्टॉलर असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलच्या नावापुढे आडवी रेघ आणि तिला जोडून ‘एक्सट्रॅक्टड्रायव्हर्स’ हा शब्द इंग्रजीत एकसलग लिहायचा, मग जागा सोडून कुठल्या फोल्डरमध्ये हवं तो पत्ता. तो सगळं उलगडून देतो. त्यातल्या एखाद्या फोल्डरच्या नावात ‘एफ ६’ दिसेल. हे नाव कुठून आलं, ते खाली रबाळ्याच्या पत्रात आहे.

ती फोल्डर विंडोजच्याच पेन ड्राइव्हवर टाका. ‘लोड ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज’, मग फोल्डर. न जुळणारे ड्रायव्हर लपवा अशी खूण असेल तर ती राहू द्या. यादीत व्हीएमडी कंट्रोलर असं नाव येईल. अकराव्या पिढीला त्याच्या शेवटी ९ए०बी असतं, बाराव्याला ४६७एफ. तो निवडून पुढे गेलात की एसएसडी यादीत उभी राहील. वायफायचा ड्रायव्हरही आत्ताच उतरवून ठेवा, कारण पुढच्या टप्प्यावर विंडोज ११ इंटरनेट मागतं आणि पुष्कळ लॅपटॉपवर तेव्हा वायफाय चालत नसतं.

दुसरी वाट म्हणजे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करायचं. मग विंडोज आपल्या अंगच्या ड्रायव्हरने एसएसडी ओळखतं. एसरच्या काही लॅपटॉपवर हा पर्याय लपलेला असतो, मेनच्या पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर दिसतो. ही वाट चुकीची नाही आणि तिथे पाच मिनिटांत काम होतं, म्हणून दुकानांत तीच वापरतात. तरीही मी ड्रायव्हर घालूनच विंडोज टाकते. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा सेटिंगं मूळपदावर गेली, तर व्हीएमडी आपोआप पुन्हा चालू होतं आणि ते बंद आहे असं धरून टाकलेलं विंडोज उठत नाही. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवरच विंडोज टाकलं असेल तर हा धोका उरत नाही. एक मात्र पाळा, सर : कुठलीही वाट घ्या, विंडोज टाकून झाल्यावर त्या सेटिंगला हात लावू नका.

प्रश्न : ताई, माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. डेस्कटॉप २०१३ चा, त्यावर विंडोज १०. परवाच्या वादळात रात्रभर लाइट नव्हती. सकाळी मशीन लावलं तर आधी काळ्या पडद्यावर सीमॉस असं काहीतरी आलं, एफ १ दाबायला सांगितलं. दाबल्यावर निळा पडदा, ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’. मग पुन्हा चालू, पुन्हा निळा. मेकॅनिक म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. चार वर्षांचे ग्राहकांचे फॉर्म त्यात आहेत.
— एक दुकानदार, खारघर

उत्तर : ताई, फॉरमॅट मारू देऊ नका. तुमच्या पत्रातच रोगाचं नाव आलंय : सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंगं जपणारी जागा. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२. लाइट नसताना बायोसची घड्याळ आणि सेटिंगं तोच सांभाळतो. तुमचा सेल कधीच संपला असणार, पण मशीनला मागून लाइट मिळत होती तोवर कळलं नाही. रात्रभर लाइट गेली आणि बायोस सगळं विसरला. त्यात डिस्क कंट्रोलरचं सेटिंगही गेलं.

या सेटिंगला साटा मोड म्हणतात; साटा म्हणजे डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत. त्यात बहुधा चिपच्या बोलण्याच्या रीतींचे आयडीई, एएचसीआय आणि रेड (अनेक डिस्क मिळून एक करायची सोय) असे पर्याय असतात. विंडोज टाकताना जो पर्याय होता, त्याचाच ड्रायव्हर विंडोज सुरुवातीला उठवतं. बाकीचे डिस्कवर पडलेले असतात, पण झोपलेले. आता बायोसने आयडीई धरलं आणि विंडोज एएचसीआयच्या भरवशावर उठलं, की त्याला स्वतःचं घरच सापडत नाही. निळा पडदा हेच सांगतोय : ज्या डिस्कवरून उठायचं तिथे पोचता येत नाही. तुमचे फॉर्म तिथेच आहेत.

स्विच बंद करा, वायर काढा, सेल बदला. कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. मग बायोसमध्ये जा, आधी तारीख आणि वेळ नीट करा, कारण घड्याळ चुकलं तर पुष्कळ सरकारी साइट उघडतच नाहीत. नंतर साटा मोड पाहा. आत्ता आहे ते सेटिंग कागदावर लिहून घ्या आणि एएचसीआय करून सेव्ह करा. तुमच्या वयाच्या मशीनला बहुतेक तेच असतं. नाही उठलं तर दुसरा पर्याय. एकच डिस्क असलेल्या मशीनवर असं बदलून पाहिल्याने आतलं काही पुसत नाही. मधेच विंडोज दुरुस्तीचा पडदा दाखवून ‘रीसेट’ सुचवेल. त्याला हात लावायचा नाही.

मशीन उठलं की बायोसच्या त्या पानाचा फोनवर फोटो काढा. मी तर प्रत्येक मशीनच्या कॅबिनेटच्या दाराला आतून कागद चिकटवते : ‘साटा मोड – एएचसीआय’, तारीख, सेल कधी बदलला. हा कागद का, तेही पुढे सांगतेच.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तुमच्याकडे लोकांची आधार कार्डं, बँकेची पासबुकं येतात. मशीन उठल्यावर पहिलं काम फॉर्मची प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि दुसरं, नव्या मशीनची तजवीज.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विंडोजशेजारी उबुंटू ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची होती. इन्स्टॉलर म्हणाला आरएसटी (इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) बंद करा, म्हणून बायोसमध्ये ‘रेड’चं ‘एएचसीआय’ केलं. आता विंडोज उठत नाही, बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी किल्ली मागतंय. मी अशी किल्ली कधी लावलीच नव्हती. सगळं गेलं का?
— विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : नाही गेलं. आधी ते सेटिंग पुन्हा ‘रेड’ कर, विंडोज पूर्वीसारखं उठेल. तरीही किल्ली मागितली तर लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना जे मायक्रोसॉफ्टचं खातं दिलं होतंस, त्यात दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा फोनवरून शीर. पुष्कळ नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपोआप लागतो आणि किल्ली त्या खात्यात जपून ठेवलेली असते. खातं वडिलांच्या किंवा ताईच्या ईमेलवर काढलेलं नाही ना, तेही बघ. असं नेहमी होतं.

आता नीट क्रमाने. किल्ली कागदावर लिहून घे. महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर घे. बिटलॉकर तात्पुरता थांबव, त्याला ‘सस्पेंड’ म्हणतात. मग एमएसकॉन्फिग उघड, ‘बूट’च्या पानावर ‘सेफ बूट’ला खूण कर आणि रीस्टार्ट देऊन थेट बायोसमध्ये जा. तिथे एएचसीआय कर. विंडोज सेफ मोडमध्ये उठेल. सेफ मोडमध्ये ते झोपलेले ड्रायव्हरही उठवतं, म्हणून त्याला नवा कंट्रोलर ओळखता येतो. एकदा उठलं की एमएसकॉन्फिगमधली खूण काढ, रीस्टार्ट कर, झालं. सेफ मोडमध्ये पुष्कळदा चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. तो आधीच आठवून ठेव. रात्री दोन वाजता तिथे अडकलेली पोरं मी पाहिली आहेत.

हे करण्याआधी एक पक्कं बघ : लॅपटॉपमध्ये खरोखर एकच डिस्क आहे ना? एकच डिस्क असूनही बायोसमध्ये ‘रेड’ असं सेटिंग करून आलेले लॅपटॉप खूप आहेत. तिथे वर सांगितलेलं चालतं. पण दोन डिस्क मिळून एक केलेली असेल, तर अजिबात बदलू नकोस.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. २०११ सालची गोष्ट. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यातलं मशीन. सेल संपला होता, मी बदलला. बाकी सगळ्या मशिनांना करते तसंच एएचसीआय केलं. विंडोज उठेना. त्यात दोन डिस्क होत्या, दोन्हींवर माहिती पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेली, म्हणजे कुठलीही एक डिस्क एकटी वाचली तर अर्थ लागत नाही. मला ते ओळखता आलं नाही. एक डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. विंडोजने विचारलं, ही डिस्क तयार करू का, इनिशियलाइझ? मी हो म्हटलं. दोन वर्षांचा हिशेब गेला. चूक पूर्ण माझी होती. त्या गाळ्यातल्या दिवाणजींनी कागदी पावत्यांवरून सगळं पुन्हा भरलं आणि मी दर रविवारी ठाण्याहून जाऊन त्यांच्या शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होते. कॅबिनेटच्या दाराला कागद चिकटवायची सवय तेव्हापासूनची. विंडोज ‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का असं विचारेल तेव्हा ‘नाही’ म्हण, आणि मग विचार करायला बस.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये कटिंगचं मशीन विंडोज एक्सपीवर चालतं. त्याचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही. जुना बोर्ड गेला, त्यातल्या त्यात नवा लावला. एक्सपीची सीडी घातली की फाइली भरतं आणि निळा पडदा, शेवटी ७बी. डिस्क तीन वेळा बदलली.
— वर्कशॉपमालक, रबाळे एमआयडीसी

उत्तर : डिस्कवर आणखी पैसे घालू नका. एक्सपी २००१ चं, एएचसीआयचा आराखडा २००४ चा. जन्माच्या वेळी जे अस्तित्वातच नव्हतं, त्याचा ड्रायव्हर त्या सीडीत कुठून असणार? बायोसमध्ये साटा मोड आयडीई करा, काही बोर्डांवर त्याला ‘कंपॅटिबल’ म्हणतात. नव्वद टक्के वेळा एवढ्यावर एक्सपी बसतं. ७बी म्हणजे खारघरच्या ताईंचाच निळा पडदा, जुन्या कपड्यांत.

बोर्डावर आयडीईचा पर्यायच नसेल, तर एफ ६. एक्सपीचा सेटअप निळ्या पडद्यावर सुरू होताना तळाला काही सेकंद एक ओळ येते : दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर घालायचा असेल तर एफ ६ दाबा. आणि तो ड्रायव्हर एक्सपी फक्त फ्लॉपीवरून मागतं. फ्लॉपी गेली, ती ओळही गेली, पण डिस्क कंट्रोलरच्या ड्रायव्हरला कारागीर अजूनही ‘एफ ६ ड्रायव्हर’ म्हणतात आणि इंटेलच्या फोल्डरवर ते नाव तसंच राहिलंय. फ्लॉपी मिळत नसेल तर एनलाइट नावाच्या सॉफ्टवेअरने ड्रायव्हर सीडीतच मिसळून नवी सीडी करता येते.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, त्यामुळे ते मशीन इंटरनेटला जोडू नका. आणि ते नीट चालू झालं की त्याच दिवशी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवा. ते सॉफ्टवेअर पुन्हा मिळायचं नाही आणि तुमच्या कारागिरांची रोजी त्यावर आहे.

प्रश्न : डेस्कटॉप मधूनच गोठतो, माउस हलतो पण काही उघडत नाही, मग आपोआप सुरू. ड्रायव्हर अपडेट करणारं अॅप पैसे भरून घेतलं, डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर तीनदा बदलला. फरक नाही.
— गृहिणी, नेरुळ

उत्तर : ते अॅप काढून टाका. चालत्या कंट्रोलरचा ड्रायव्हर अॅपच्या सांगण्यावरून बदलू नये. भलताच बसला तर मशीन उठायचंच थांबतं. तुम्ही थोडक्यात वाचलात.

‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’, मग ‘सिस्टिम’. मशीन गोठलं त्या वेळेला १२९ क्रमांकाची नोंद दिसली, तर विंडोजने डिस्कची वाट पाहून कंट्रोलरला पुन्हा हाक मारली, असा तिचा अर्थ. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत पाहा. क्रमांक ५ आणि १९७ चे (डिस्कवरच्या खराब जागांचे) आकडे वाढत असतील तर डिस्क खरंच थकली आहे, आजच प्रत काढा. हे सॉफ्टवेअर आकडे पुष्कळदा सोळाच्या पद्धतीने दाखवतं, तिथे १९७ म्हणजे सी५ आणि १९९ म्हणजे सी७. पण ५ आणि १९७ शून्य आहेत आणि फक्त १९९ चा आकडा मोठा आहे, तर दोष डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या रस्त्यात, म्हणजे बहुतेक वेळा साटा केबलमध्ये.

तुमच्याकडे खाडीची हवा आहे. नेरुळ, बेलापूरकडच्या मशिनांत तांब्याच्या टोकांवर हिरवट थर मी दर पावसाळ्यात पाहते. लाइट बंद करून केबल काढा, दोन्ही टोकं पाहा, नवी केबल लावा, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. शक्य असेल तर बोर्डावरचं दुसरं साटाचं तोंड वापरा. १९९ चा आकडा कधी खाली येत नाही, त्यामुळे आज किती आहे ते लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी तेवढाच राहिला असेल तर काम झालं. वाढला असेल तर मला दोन्ही आकडे आणि १२९ च्या नोंदीचा फोटो पाठवा.